मुदत कुठून मोजायची

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पेरेपेत्वा न्यायालयाच्या दारात उभी राहिली, आणि तिचा जावई विसेंती लुगोलोबी टेबलाखाली गेला.

त्याला कोणी ढकललं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं. लॉऱ्यांचा आणि कॉफीच्या गिरणीचा मालक असलेला, राखाडी सूट घातलेला साठीचा माणूस खुर्ची मागे लोटून वाकला, आणि पुढच्या क्षणी त्याचे फक्त बूट दिसत होते. त्याचे वकील तुमवेसिगे उभे राहून बोलत होते. "बारा वर्षांची मुदत, माय लेडी, केव्हाच..." इतकं त्यांच्या तोंडून गेलं आणि शेजारची रिकामी खुर्ची पाहून ते थांबले.

पेरेपेत्वाच्या धाकट्या मुलीने, नाब्बोसाने, आईचं कोपर धरलं होतं. ते कोपर तिच्या हातातून सुटलं. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं आणि कमरेच्या पट्ट्याचं टोक डोक्यावरून ओढून घेतलं होतं. सासूने आणि जावयाने एकमेकांना पाहिलं तरी होतं की नाही, हे नाब्बोसाला पुढेही कधी सांगता आलं नाही. पण वळले दोघं एकदमच.

त्यानंतर जे झालं ते ती बरेच दिवस विसरली नाही. मागच्या बाकांवर आपापल्या खटल्यांची वाट पाहत बसलेली माणसं उठली. कोणी कोंबडीचोरीचं, कोणी नवऱ्याने टाकल्याचं प्रकरण घेऊन आलेलं. त्यांचा या घराशी काही संबंध नव्हता. ती उठली आणि दार व टेबल यांच्या मधल्या जागेत येऊन, दोन्हीकडे पाठ करून, खांद्याला खांदा लावून उभी राहिली. एका म्हाताऱ्याने हॅट काढून छातीशी धरली होती.

न्यायमूर्ती अपोलोट यांनी चष्मा काढला. त्या पूर्वेकडच्या, तेसोच्या. मसाकात त्यांची बदली होऊन वर्षही झालं नव्हतं.

"हे सगळे का उभे आहेत?" त्यांनी विचारलं.

दुभाष्या घसा खाकरून म्हणाला, "माय लेडी, सासू आणि जावई एका छताखाली आलेत. आमच्यात ते एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. म्हणून लोक मधे उभे राहिलेत."

"हे कुठल्या कायद्यात आहे?"

"कायद्यात नाही, माय लेडी." दुभाष्याने आपले दोन्ही हात पुढे धरले आणि बोटं थरथरवून दाखवली. "हातात येतं. रीत मोडली की हात कापायला लागतात, ते थांबत नाहीत."

नाब्बोसाचा थोरला भाऊ मत्याया वादीच्या बाकावर होता. बापाच्या जागी तो वारस म्हणून बसला होता आणि दावाही त्याच्याच नावाने होता. त्याने आपल्या वकिलांचा, कातेरेग्गांचा, झगा ओढला. पण कातेरेग्गा आधीच उठले होते.

"माय लेडी, प्रतिवादीच्या शपथपत्रातला नववा परिच्छेद वाचायची परवानगी असावी. 'सन दोन हजार तीनमध्ये मोजणी झाली तेव्हा माझ्या सासूबाई स्वतः माझ्यासोबत हद्दीवरून चालल्या आणि चारही कोपरे त्यांनी मला हाताने दाखवले.'" त्यांनी कागद खाली केला. "प्रतिवादी सध्या कुठे आहेत, हे न्यायालयाने पाहावं, एवढीच विनंती."

मागच्या बाकांवरून हसण्याची एक लाट आली आणि लगेच विरली. न्यायमूर्तींनी बुटांकडे बराच वेळ पाहिलं.

तुमवेसिगे पश्चिमेकडचे, अंकोलेचे. असल्या दाव्यांत घालायची ठरलेली वाक्यं त्यांच्या कचेरीत तयार असत. 'संबंधित व्यक्ती मोजणीच्या वेळी हजर होती व तिने हद्द दाखवली' हे त्यांतलंच. इथे संबंधित व्यक्तीच्या जागी सासू आली, आणि विसेंतीने इंग्रजीतल्या कागदावर न वाचता सही केली. वाचलं असतं तर त्याने ते कापलं असतं. इथे बुगांडात जन्मलेल्या कोणीही कापलं असतं.

"मिस्टर लुगोलोबी," न्यायमूर्ती म्हणाल्या, "बाहेर या."

टेबलाखालून आवाज आला. "आधी आईंना जाऊ द्या, माय लेडी. मग येतो."

"आमच्याकडेही यातलं थोडंफार आहे," न्यायमूर्ती म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "पण टेबलाखाली कोणी जात नाही. अर्धा तास देते. साक्षीदार आणि प्रतिवादी दोघांनाही सगळं ऐकू येईल आणि कोणाचे हात कापणार नाहीत, अशी काही सोय करा."

*

आवारात फणसाचं झाड होतं. नाब्बोसाने त्याखाली चटई टाकली आणि आईला बसवलं. विसेंती यापूर्वी एकाही तारखेला आला नव्हता, फक्त वकील पाठवायचा. आज तो येईल असं कोणाच्याही मनात आलं नव्हतं. नाहीतर आईला अशी समोरच्या दाराने कोण आणणार होतं?

कातेरेग्गा झगा सावरत आले आणि चटईच्या कडेला उकिडवे बसले.

"आजी, देव पावला. नवव्या परिच्छेदाचा चुराडा झाला. आता तुम्ही इतकंच सांगायचं, मला काही दिसलं नाही."

"दिसलं नाहीच."

"मग झालं तर."

"ऐकू आलं," पेरेपेत्वा म्हणाली.

मत्याया येरझाऱ्या घालत होता, तो थांबला. "आई, ऐकू आलं का असं तुला कोणी विचारलंय?"

"विचारतील."

"काय ऐकलंत?" कातेरेग्गांनी सावकाश विचारलं.

"लोखंडी घण. आधी विहिरीकडे, मग केळीच्या वरच्या अंगाला. असा चारही कोपऱ्यांना."

कातेरेग्गांनी गळ्यातली पांढरी पट्टी सैल केली. "आजी, नीट ऐका. जमीन परत मागायला बारा वर्षं मिळतात. फसवणूक असेल तर ती ज्या दिवशी कळली त्या दिवसापासून मोजायची. कळली, किंवा जरा चौकशी केली असती तर कळली असती, त्या दिवसापासून. आपण म्हणतोय, तुमच्या जावयाकडून जमीन विकत घेणारा माणूस कुंपणाचे खांब घेऊन दारात आला तेव्हा कळलं. ते दोन हजार सतरा. दोन वर्षांनी आपण दावा लावला. सगळं मुदतीत. पण तुम्ही म्हणालात की घण ऐकला आणि गप्प बसले, तर ते म्हणतील, वर्षं तिथूनच मोजा. तिथून मोजली तर मुदत दोन हजार पंधरालाच संपली. त्यांची प्राथमिक हरकत एवढीच आहे."

"मग?"

"मग दावा दाराबाहेरच संपला. तुमचे यजमान वारल्यानंतर दोन वर्षांनी जावयाला जमीन विकल्याच्या कागदावर त्यांची सही कशी आली, हे कोणी विचारणारसुद्धा नाही."

"विचारणारच नाही?" पेरेपेत्वाने आश्चर्याने मान वर केली. "मेलेला माणूस सही करतो, आणि कोणी विचारणार नाही?"

"त्या प्रश्नापर्यंत पोचलं तर विचारतील ना, आजी."

नाब्बोसाला वाटलं, आई घाबरली असेल. पण आईच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. लहान मुलाने खूप मोठा डोंगर पाहावा तसं ती न्यायालयाच्या इमारतीकडे पाहत होती.

"तुझं घर जाईल," मत्याया म्हणाला. "बाबांचं थडगं जाईल, आजोबांचं जाईल. तो माणूस तिथे विटांची भट्टी टाकणार आहे. थडग्यांची माती तो विटांत घालेल, आई. आणि का? तर तुला ऐकू आलं म्हणून! तुझे कान कधीपासून इतके चांगले झाले? मी हाका मारतो तेव्हा कुठे जातात?"

"बायबलावर हात मी ठेवणार आहे, मत्याया. तू नाहीस."

"नाब्बोसा, तू तरी सांग तिला."

नाब्बोसा मसाकात बायकांचे पायघोळ गोमेसी शिवायची. दाव्यासाठी दर तारखेला दुकान बंद ठेवायची. भावाचं चुकत होतं असं तिला म्हणता येत नव्हतं. "काय सांगू, दादा? खोटं बोल म्हणून सांगू?"

"खोटं नको. कमी बोल म्हणून सांग."

"ते तूच तिला शिकव. तुला येतं ना ते."

तो फटकन काही बोलणार होता, तेवढ्यात पायवाटेने तेओपिस्ता येताना दिसली. मधली बहीण, विसेंतीची बायको. दालनात ती नवऱ्याच्या मागच्या बाकावर बसली होती. आज तिने निळा, जुना गोमेसी घातला होता. नाब्बोसाने ओळखला. तिनेच शिवला होता, दावा लागण्याच्या आदल्या वर्षी. त्यानंतर बहिणीने तिच्याकडे काही शिवायला टाकलं नव्हतं.

तेओपिस्ता गवतात गुडघे टेकून बसली.

"रात्र कशी गेली, आई?"

"बरी गेली. तुझी कशी गेली?"

"बरी गेली. घरी कसे आहेत?"

"आहेत. तुझ्याकडचे?"

"आहेत."

"देवाची कृपा."

"देवाची कृपा."

दोघींनी एकही शब्द गाळला नाही. कातेरेग्गा उठून लांब जाऊन उभे राहिले.

"ये, ये," मत्याया म्हणाला. "आज कोणाकडून आलीस? इकडची का तिकडची?"

"मधली," तेओपिस्ता म्हणाली. "मी जन्मभर मधलीच आहे, दादा. तुला आज दिसलं?"

ते खरं होतं. लग्न झाल्यापासून आई आणि विसेंती यांच्यातला प्रत्येक शब्द तिच्या तोंडून गेला होता. साखर पाठवली आहे. साखर पोचली. छपराचे पत्रे गळतात असं कळलं, नवे पाठवतोय. पत्रे बसले, आई आशीर्वाद देते. डोळ्याच्या ऑपरेशनला गाडी येईल. गाडी आली. ज्या घराची जमीन विसेंतीने आपल्या नावावर करून घेतली, त्या घरावरचे पत्रेही त्यानेच घातले होते. नाब्बोसा या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहायची आणि तिला त्यांचा मेळ लागायचा नाही.

"दगड रोवले त्या दिवशी मी तुला एक विचारलं होतं," पेरेपेत्वा म्हणाली. "आठवतं?"

तेओपिस्ताने गवताची काडी उपटली. "आठवतं."

"तू बाहेर जाऊन उत्तर आणलंस. तेही आठवतं?"

"आई, मला इथे बोलायला लावू नकोस."

"इथे नाही लावत."

तेओपिस्ता उठली, गुडघ्यांवरची माती न झटकताच निघाली. नाब्बोसा तिच्यामागे चार पावलं गेली. "ताई, काय उत्तर आणलं होतंस?"

"तुझ्याकडे मोठं कापड आहे का?" तेओपिस्ता मागे न पाहता म्हणाली. "कारकून म्हणतो, न्यायालयात पडदा नाही."

*

नाब्बोसाच्या पिशवीत जांभळं साटिन होतं. एका नवऱ्यामुलीच्या मावशीचं. मुलीच्या घरी वराकडच्यांची ओळख करून देण्याचा समारंभ शनिवारी होता.

"गिऱ्हाइकाचं कापड?" मत्याया कुजबुजला. "न विचारता टांगायचं?"

"धुऊन देईन."

"साटिन धुतात?"

"मग नवं तू आणून दे."

कारकुनाने सुतळी दिली. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं कपाटाच्या कडीला. नाब्बोसा टाचण्या दातांत धरून कापड अडकवत गेली. कपाटाकडची गाठ सैल पडत होती. पलीकडून कोणीतरी सुतळी ओढून धरली. कापडाच्या कडेशी तिला विसेंतीचे हात दिसले. गाठ बांधताना ते थरथरत होते. एकदा सुटली, त्याने पुन्हा बांधली.

"पक्की झाली," तो हळूच म्हणाला.

"झाली," ती टाचण्यांमधून म्हणाली. बालपणी तिला खांद्यावर बसवून जत्रेला नेणारा हाच माणूस. ती झटकन बाजूला झाली.

पेरेपेत्वाला मागच्या दाराने आणलं. कापडाच्या एका अंगाला साक्षीदाराचा पिंजरा, दुसऱ्या अंगाला प्रतिवादीचं टेबल, आणि वर दोन्हींकडे पाहणाऱ्या न्यायमूर्ती. नाब्बोसाच्या मनात आलं, देवाला माणसं अशीच दिसत असतील. मधलं कापड फक्त माणसांसाठी.

शपथ झाली. तुमवेसिगे पडद्याच्या टोकाला उभे राहिले. चूक झाल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. आता त्यांना नववा परिच्छेद नकोच होता; मोजणी कळली होती, एवढं तिच्याच तोंडून आलं की पुरे होतं.

"मोजणी झाली त्या दिवशी तुम्ही घरी होता?"

"घरी होते."

"माणसं आलेली कळलं?"

"बुटांचा आवाज आला. तेओपिस्ता आत येऊन म्हणाली, 'तुझे जावई आलेत.' मी मागच्या खोलीत गेले आणि दार ओढलं."

"माणसं जेवली कुठे?"

"माझ्याकडेच. केळी उकडली होती, शेंगदाण्याचं कालवण होतं. मागच्या दाराने पाठवलं."

"म्हणजे ज्यांनी तुमची जमीन मोजली त्यांना तुम्ही जेवू घातलंत."

"घरी आलेल्याला तुमच्याकडे जेवायला घालत नाहीत?"

बाकांवर हसू फुटलं. दुभाष्यालाही हसू आवरेना. तुमवेसिगे हसले नाहीत.

"घणाचा आवाज आला?"

मत्याया बाकाच्या कडेवर पुढे सरकला.

"आला."

"कशाचा वाटला?"

"हद्दीचा दगड रोवतात तसा. माझ्या नवऱ्याने पहिले दगड रोवले तेव्हा मी ऐकला होता. तो आवाज दुसऱ्या कशाचा नसतो."

"म्हणजे हद्दीचे नवे दगड रोवले जात आहेत, हे तुम्हाला त्याच दिवशी, त्याच वेळी कळलं."

"कळलं."

तुमवेसिगे खाली बसले. "मला एवढंच विचारायचं होतं, माय लेडी."

मत्यायाने कपाळ टेबलावर टेकलं. न्यायमूर्तींचं पेन चालत होतं. त्या एका शब्दाबरोबर घर, केळी, तीन पिढ्यांची थडगी खाली बसल्यासारखी नाब्बोसाला वाटली. आणि तरीही तिला आईचा राग आला नाही. हात बायबलावर ठेवलेली ती लहानखुरी म्हातारी जणू तराजू धरून उभी होती, आणि आपल्या बाजूच्या पारड्याला बोट लावायला तयार नव्हती.

कातेरेग्गा उठले. त्यांनाही पुढचं उत्तर माहीत नव्हतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

"आजी, दगड रोवतायत हे कळल्यावर तुम्ही काय केलंत?"

"तेओपिस्ताला विचारलं, कोणाचे दगड?"

"तिला का? जावयाला का नाही?"

पेरेपेत्वाने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते घाईने म्हणाले, "न्यायालयाच्या माहितीसाठी विचारतोय, आजी."

"माझा शब्द त्यांच्यापर्यंत तिच्याच तोंडून जातो. दुसरी वाट नाही."

"आणि उत्तर?"

"ती बाहेर गेली. परत आली. म्हणाली, 'दगड मत्यायाचे. बाबांच्या जागी मत्याया बसलाय, म्हणून त्याच्या नावाने पक्के करतायत. बाहेरच्या कोणी घुसू नये म्हणून.'"

"तुम्ही विश्वास ठेवलात?"

जांभळ्या कापडाकडे न पाहता ती म्हणाली, "माझ्या जावयाचा चेहरा कसा आहे, मला माहीत नाही. लग्नातही पाहिला नाही. आज पहिल्यांदाच आम्ही एका खोलीत आलो. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. माझ्या मुलीवर ठेवला."

कापड किंचित हललं. वारा नव्हता.

"पूर्ण?" हा प्रश्न न्यायमूर्तींचा होता. त्या पुढे वाकल्या होत्या. "पूर्ण विश्वास ठेवलात, आई?"

मत्यायाने मान वर केली. त्याच्या ओठांवर 'हो' होतं. ते त्याच्या आईच्या तोंडी जावं म्हणून तो ते आतल्या आत म्हणत होता.

"सांगताना ती माझ्याकडे पाहत नव्हती," पेरेपेत्वा म्हणाली. "मला वाटलं, सकाळपासून आत-बाहेर करून दमली असेल. दुसऱ्यांदा विचारलं नाही."

तुमवेसिगे एकदम उठले. "माय लेडी, यापेक्षा स्पष्ट काय हवं? दगड कळले, शंका आली, चौकशी केली नाही. आणि त्या उत्तराबद्दल म्हणाल तर ते दिलं गेलं याला साक्षीदाराच्या शब्दापलीकडे काडीचा आधार नाही."

"ज्या मुलीने उत्तर आणलं, ती हजर आहे?" न्यायमूर्तींनी विचारलं.

कोणी बोटही दाखवलं नाही. तेओपिस्ता स्वतःच उठली.

"तेओ, बस खाली," पडद्याआडून विसेंती म्हणाला. त्याचा स्वर चढा नव्हता, घरातल्यासारखा होता.

"तुम्हाला मी स्वतः बोलावते आहे," न्यायमूर्ती म्हणाल्या. "पण तुमच्या बोलण्याने तुमचं स्वतःचंही नुकसान होऊ शकेल. आधी वकिलाशी बोलायचं असेल तर वेळ देते."

"आणखी वेळ नको, माय लेडी. खूप झाला." ती साटिनच्या कडेखालून वाकून अलीकडे आली. पिंजऱ्यात आईच्या शेजारी उभी राहिली. आईने तिला जागा करून दिली.

"आईंचा प्रश्न तुम्ही बाहेर नेलात?"

"नेला."

"आणि उत्तर तुम्हाला कोणी दिलं?"

तेओपिस्ताने कापडाकडे पाहिलं. पलीकडे तिच्या नवऱ्याची सावली होती. त्या सावलीने डोकं वर केलं.

"कोणीच नाही," ती म्हणाली. "मी त्यांना विचारलं, आई विचारते दगड कोणाचे. ते हसले. मोजणी करणारेही हसले. मग सगळे पुढच्या कोपऱ्याकडे गेले. मी अंगणात उभी राहिले. नंतर आत गेले आणि आईला सांगितलं. ते मीच रचलं. अंगणापासून मागच्या खोलीपर्यंत जाताना."

दुभाष्या भाषांतर करायचं विसरला. त्याला आठवण करून द्यावी लागली.

"का?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"खरं सांगितलं असतं तर आई बाहेर आली असती."

"मग?"

"बाहेर आली असती, माय लेडी." तिला वाटलं, इतकं पुरेसं आहे. मग तिने पुन्हा प्रयत्न केला. "दार उघडून, डोक्यावर काही न घेता, त्यांच्या समोर. तुम्ही हिला ओळखत नाही. त्यानंतर दोघांपैकी कोणाचेच हात धड राहिले नसते. माझी आई आणि माझ्या मुलांचा बाप. मी दारात आडवी झाले, एवढंच."

सकाळी भिंत होऊन उभे राहिलेले लोक आता बसल्या जागी माना खाली घालून होते. हॅटवाल्या म्हाताऱ्याने पुन्हा हॅट काढली होती.

मग दोन्ही वकील एकाच वेळी बोलू लागले. कातेरेग्गा म्हणत होते, फसवणूक झाकली गेली, म्हणून मुदत कळल्यापासूनच. तुमवेसिगे म्हणत होते, झाकली ती वादीच्याच घरच्या माणसाने, माझ्या पक्षकाराने एक शब्दही खोटा सांगितलेला नाही, ते फक्त हसले. न्यायमूर्तींनी हात वर केला.

"एका मुलीने बोललेल्या खोट्याने कोणाची मुदत थांबते, हा प्रश्न मला आजवर कोणी विचारलेला नाही," त्या म्हणाल्या. "दोन्ही बाजूंनी लेखी म्हणणं द्यावं. हरकतीवरचा निर्णय सूचना देऊन कळवला जाईल. तोपर्यंत जमिनीवर कोणी काही करायचं नाही." उठता उठता त्या थांबल्या. "कापड काढण्याआधी त्यांना बाहेर नेऊ द्या."

*

फणसाखाली चटई तशीच होती. मत्याया आल्या आल्या तेओपिस्ताला म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं तुला ठाऊक होतं."

"होतं."

"आणि पत्र्यांचे निरोप आणत राहिलीस."

"पत्रे गळत होते, दादा."

पेरेपेत्वा चटईवर बसून हळूहळू पाय लांब करत होती.

"मी आले असते," ती म्हणाली.

"मला माहीत होतं," तेओपिस्ता म्हणाली आणि तिच्या पायांशी गुडघे टेकून बसली. यावेळी कोणीच रात्र कशी गेली म्हणून विचारलं नाही. फाटकाजवळ विसेंतीची गाडी सुरू होती. बऱ्याच वेळाने ती तेओपिस्ताला न घेताच निघून गेली.

लेखी म्हणणी वेळेत दाखल झाली. साटिनवर टाचण्यांची भोकं राहिली, ती नाब्बोसाने झालरीखाली लपवली. शनिवारी कोणाच्या लक्षात आलं नाही.

सूचना अजून आलेली नाही. कातेरेग्गा दर सोमवारी कारकुनाकडे चौकशी करतात. तेओपिस्ता आईच्या घरी आहे, मागच्या खोलीत झोपते, सकाळी ओसरीवर बसून केळी सोलते. विसेंतीची गाडी एक दिवसाआड येते आणि विहिरीकडच्या दगडापाशी थांबते. त्याच्यापुढे त्याला येता येत नाही. आत सासू आहे. तो काच खाली करून थोडा वेळ बसतो. त्याला काहीतरी सांगायचं असावं. पण निरोप नेणारं आता कोणी नाही.